गोट्यांतली बेलवांगी

मंजुळाबाईला शिळं पाणी चालत नसे. हट्टा गावाच्या वेशीजवळच्या तिच्या घरात सूर्य वर यायच्या आत आदल्या दिवसाचा थेंब न् थेंब मोरीत गेलेला असे. रांजण पालथा, घागरी पालथ्या, कळशी पालथी. मग राखेनं घासणं, मग आडावरच्या खेपा, मग सगळं पुन्हा काठोकाठ. पाणी थंडगार असो, नितळ असो, अगदी काल दिवेलागणीला भरलेलं असो, रात्र ओलांडली की ते शिळं. तसं हे घरोघरी बायका करतातच. पण बाकीच्या बायका कधी आजारी पडतात, कधी कंटाळतात, उन्हाळ्यात आड खोल गेला की देवाला हात जोडून रांजण तसाच ठेवतात. मंजुळाबाई तापानं फणफणत असतानाही पोहरा घेऊन आडावर गेली होती. गावातल्या सासवा सुनांना दटावताना तिचं नाव घेत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं ती लपवतही नसे. बाकी मिरवावं असं तिच्याकडं फारसं काही नव्हतं. पदरी लेकरू नाही, अंगावर सोनं नाही, आणि नवरा चार वर्षं परमुलखात.

नवऱ्याचं नाव सटवाजी. लढाईच्या दिवसांत नांदेडहून एक मुकादम माणसं भरून नेत होता, त्याच्याबरोबर हा गेला. शिपाई म्हणून नव्हे, ओझी वाहायला. मुंबई, मग जहाज, मग बगदादच्या बाजूला वाळवंटात गोऱ्यांचा एक विमानतळ. पण हे सगळं तो परत आल्यावर कळलं. तेव्हा पत्र आलं तरी त्यात ठिकाणाचं नाव लिहायला सरकारची मनाई होती. त्यामुळं तो खुशाल आहे एवढं कळे, कुठं खुशाल आहे ते कळत नसे. आणि तिसऱ्या वर्षी गावातले मोठे जमीनवाले व्यंकटराव पूर्णा जंक्शनावर गाडी बदलताना सटवाजीला बघून आले. बरोबर एक बाई होती म्हणे. तिच्या कडेवर लेकरू होतं म्हणे. व्यंकटरावांनी हे चावडीवर सांगितलं आणि त्यांच्या बायकोनं, जमनाबाईनं, आडावर सांगितलं. चावडी आणि आड झाला की गावात तिसरी जागा उरत नाही.

मंजुळाबाईनं ते ऐकलं तेव्हा तिची घागर अर्धी भरली होती. तिनं ती पूर्ण भरली, डोईवर घेतली आणि घरी आली. दिराच्या खांद्याला खांदा लावून शेत राखत होती ते राखत राहिली. पण ते कडेवरचं लेकरू तिच्या मनात जे येऊन बसलं, ते उठायला तयार नव्हतं.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सटवाजी परत आला. पुराव्याला अंगावर एक कांबळं, बस. पेटी मुंबईच्या गोदीत चोरीला गेली होती. मुकादम तिकडंच पटकीनं मेला होता. बरोबरचे बाकीचे गडी कुठले कुठले, कुणी सोलापूरकडचे, कुणी तेलंगणातले. म्हणजे विचारायचं तर विचारायचं कुणाला?

तरी लोक ऐकायला जमले. सटवाजीनं समुद्र सांगितला, लोकांनी माना डोलावल्या. दिवसाची रात्र करणारी वाळूची वादळं सांगितली, खजुराची झाडं सांगितली, विमानांच्या पोटात माणसं कशी बसतात ते सांगितलं, ते सगळं लोकांच्या गळी उतरलं. मग त्यानं सांगितलं की त्या वाळवंटात गोरे लोक मातीशिवाय भाजीपाला काढतात. लांबच लांब हौद बांधायचे, त्यांत नुसते बारके गोटे भरायचे, औषधाचं पाणी सोडायचं, आणि त्या गोट्यांत बेलवांगी लागतात, म्हणजे हेच आपले टमाटे, काकड्या लागतात, पालाभाजी येते. आणि हट्टा तर काळ्या मातीचं गाव. वीतभर बांधावरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात असं गाव. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी बैठक हसली. आणि ते हसू मागं मागं जात त्यानं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही सांडलं. समुद्र खोटा झाला, वादळं खोटी झाली, बगदादच खोटं झालं. खरं काय उरलं, तर पूर्णा जंक्शन.

मंजुळाबाई चिडली ती नवऱ्यावर. ती त्याला म्हणाली, "सगळं सांगा, तेवढं दगडाचं सांगू नका."

"काहून? जे बघितलं ते बघितलं."

दुसरा एखादा शहाणा असता तर गोटे वगळून बाकीचं सांगत बसला असता आणि सुखात राहिला असता. पण सटवाजी जो भेटेल त्याला आधी गोटेच सांगे. शेतात दीर औत हाकत असायचा आणि हा बांधावर उभा राहून शेजाऱ्याला गोटे सांगायचा. मंजुळाबाईला वाटे, याच्या तोंडाला फडकं बांधावं. कारण हिशेब सरळ होता आणि तो तिला एकटीला पुरता कळत होता. गोट्यांचं खोटं, तर बगदादचं खोटं. बगदादचं खोटं, तर चार वर्षं हा माणूस कुठं होता? आणि कुणाजवळ?

ही गोष्ट दोघांमध्ये कधी उच्चारली गेली नाही. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. एका ताटात वाढलेली भाकरी दोघं खात होते आणि मध्ये ते पूर्णा जंक्शन बसलेलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला, रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असताना, सटवाजीनं जाहीर केलं की आता सांगणं बंद, आता करूनच दाखवतो. घरामागं, मोरीच्या कडेला, जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. बैल दिराच्या गोठ्यात गेल्यापासून ती रिकामी पडली होती. तिच्या बुडाला एक भोक होतं, त्याला चिंधीचा बोळा. हा आपला बगदादचा हौद, असं तो म्हणाला आणि टोपली घेऊन ओढ्यावर गोटे आणायला गेला. दीर तिफणीमागं आणि हा गोट्यांमागं. लोक वाटेवर उभं राहून मजा बघत होते.

आणलेले गोटे शेवाळलेले, चिखलानं माखलेले होते. ते घरात येताहेत हेच मंजुळाबाईला सोसवेना. रागारागानं ती बसली आणि एकेक गोटा राखेनं घासून, दोनदा धुऊन तिनं डोणीत टाकला. दिवसभर तिचं तोंड आणि हात दोन्ही चालू होते. सटवाजी मात्र खूश झाला. तिकडंसुद्धा गोटे असेच धुऊन घेतात म्हणाला. ती म्हणाली, तिकडं धुणारीला जेवायला तरी घालत असतील.

मग तो वसमतला गेला. एका बागवानाकडून बेलवांग्यांची रोपं आणली आणि त्यांच्या मुळांची माती पाण्यात हलवून हलवून पार धुऊन टाकली, उद्या कुणी मातीचं नाव काढू नये म्हणून. तिथंच आतषबाजी करणारे खाजा मिया राहत, गावातल्या लग्नात अनार उडवायला यायचे ते. त्यांच्याकडून सोरा घेतला. रंगाऱ्याकडून हिराकस घेतला, दवाखान्यातून जुलाबाचं मीठ घेतलं, घरची चुन्याची निवळी होतीच. हे सगळं पाण्यात कालवून आठवड्यातून एकदा संध्याकाळी तो डोणीत ओती. पाणी गोट्यांच्या वरच्या थराखालीच राही, दिसत नसे.

मंजुळाबाईनं ते ओतताना पाहिलं. तिला वाटलं, तुरटीसारखं काहीतरी असेल, गाळ खाली बसवायला. आणि गाळ बसल्यावर पाण्याचं काय करतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सकाळी सटवाजी नदीकडं गेला की ती डोणीचा बोळा काढी, रात्रीचं शिळं पाणी मोरीत जाऊ देई, वरून दोन घागरी ओतून गोटे खळखळून घेई, आणि बोळा लावून ताज्या पाण्यानं डोण भरून ठेवी. घरात एवढी मोठी दगडी डोण शिळ्या पाण्यानं भरलेली, आणि आपण रांजण घासतोय, हे शक्यच नव्हतं. नवऱ्याच्या खुळापायी आडाच्या चार खेपा वाढल्या म्हणून ती रोज कुरकुरत असे. पण खेपा चुकवल्या नाहीत. आपण त्याच्या वाफ्याची किती निगा राखतो, आणि त्याला त्याचं काही आहे का, असंही तिला वाटे.

रोपं पिवळी पडली. पाचोळ्यासारखी नव्हेत, पण आजाऱ्यासारखी. वीतभर उंच होऊन जिथल्या तिथं उभी राहिली. सटवाजी सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढं उकिडवा बसे. आडावर जमनाबाई विचारी, "काय मंजुळे, दगडाला पाझर फुटला का?" आणि बायका घागरीच्या तोंडाशी हसू दाबत. मंजुळाबाईचा जीव जळे. तो नुसता लाजेनं नव्हे. एकेक पान पिवळं पडे तसतसं पूर्णेच्या फलाटावरची ती बाई जवळ येत होती. मंजुळाबाई तिला आता नाकीडोळी ओळखू लागली होती.

दिवाळी होऊन गेली. आतषबाजीचा हंगाम आटोपल्यावर खाजा मिया उरलेला सोरा द्यायला म्हणून हट्ट्याला आले. सटवाजी घरी नव्हता. म्हातारे घरामागं जाऊन वाफा बघून आले. येताना त्यांची नजर मोरीवर गेली. मोरीच्या तोंडाशी चमकुरा होता, म्हणजे भाजीचं अळू. नेहमी तळहाताएवढी पानं असायची. आता ती सुपाएवढी झाली होती, काळीभोर हिरवी, मोरीच्या बाहेर वाटेपर्यंत लवलेली.

"भाबी," खाजा मिया म्हणाले, "ये सोरा बेलवांगी कू दिया के मोरी कू?"

मंजुळाबाईनं चमकुऱ्याकडं बघितलं. मग डोणीकडं बघितलं. मग बुडाच्या बोळ्याकडं. सोरा नुसता आतषबाजीत नसतो, पिकाला त्याचं खतही होतं, हे खाजा मिया सांगत होते. ते तिला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. त्यांना चहाचं विचारायचंही तिला सुचलं नाही.

ते गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली. आपल्या हातानं आपण काय केलं हे तिला नीट कळलं. नवऱ्याचा खरेपणा रोज सकाळी आपणच मोरीत सोडून देत होतो, वर त्यासाठी खेपा घालत होतो. आता सांगावं कसं? आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या स्वच्छतेची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा संताप आला. त्यानं तरी सांगायला नको का, की बाई, हे पाणी फेकायचं नसतं? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?

सटवाजी आल्यावर तिनं भाकरी वाढायच्या आधीच सांगून टाकलं. "डोणीतलं पाणी रोज सकाळी मी सोडून देत व्हते."

"म्हाईत हाय," सटवाजी म्हणाला.

तिनं हातातली भाकरी परत टोपलीत टाकली. "कवापासून म्हाईत हाय?"

"पहिल्या दिवसापासून. नदीहून येतो तर मोरी ओली दिसायचीच की."

इथं मंजुळाबाईच्या तोंडून जे बाहेर पडलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आडाच्या खेपा निघाल्या, तिची दुखणारी मान निघाली, तिफणीमागं एकटा राबणारा दीर निघाला, चार वर्षं निघाली. बाईला पाणी वाहायला लावून गंमत बघणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता, आणि पाहायला म्हणून बगदादला जायचीही गरज नव्हती, तो इथंच चुलीपुढं बसला होता. सटवाजीनं सगळं ऐकून घेतलं. तिचा दम संपल्यावर तो खालमानेनं बोलू लागला.

"तिकडं पुड्या साहेब कालवायचा. मी गोटे वाहत व्हतो आन नळ सोडत व्हतो. कशात काय, किती, मला कोन सांगून राहिलं? वासावरून धरलं, जिभेवर ठेवून धरलं. बराबर असंल न्हाई तर नसंल. तू पाणी सोडत व्हतीस तवर बरं व्हतं. न्हाई आलं तरी वाटायचं, औषध टिकलंच न्हाई म्हणून न्हाई आलं. तू थांबली असतीस आन तरी न्हाई आलं असतं, तर तू काय समजली असतीस?"

मंजुळाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं विचारलं, "पूर्णेचं तुमाला कुनी सांगितलं?"

"आल्या दिवशीच कळलं."

"व्हते का तुमी तिथं?"

"न्हाई."

"मग सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं, तर खरं मानलं असतंस?"

मंजुळाबाईनं हो म्हटलं असतं तर ती रात्र गोड झाली असती. पण तिला खोटं बोलता येत नसे, हाही तिचा एक त्रासच होता. तिनं खाली बघून ताटात भाकरी वाढली, आणि त्याला उत्तर कळलं. माणूस चार वर्षं वाळवंटात राहून घरी येतो आणि त्याच्या बायकोला त्याचं खरं वाटत नाही, याहून वाईट काय असेल, असं तिला वाटलं. पण नाही वाटत, त्याला ती तरी काय करणार. शेवटी ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून पाणी सोडत न्हाई. काय व्हायचं ते हू द्या."

तिथून पुढं तिचे हाल सुरू झाले. सटवाजीनं पुड्या कालवून पाणी भरलं आणि ते तसंच राहिलं. एक दिवस राहिलं, दोन दिवस राहिलं, आठ दिवस राहिलं. आटेल तेवढी वरून भर घालायची, बस. सकाळी मंजुळाबाई रांजण घासे, घागरी घासे, आणि तिचे हात आपोआप डोणीकडं वळत. मग ती हात पदराला पुसून परत फिरे. काही दिवसांनी गोट्यांच्या फटींतून हिरवं दिसू लागलं, वास येऊ लागला, चिलटं घोंघावू लागली. ती रोपांच्या बुडाशी गोट्यांवर पोतं टाकी आणि पोत्याकडंही बघत नसे. हे घरात आहे, आणि आपण देवापुढं उभं राहतो, याचा तिला मनापासून त्रास होई. कुणी पाहुणं आलं तर ती त्यांना पुढच्या अंगणातच बसवी. आडावर बायका पाण्याबद्दल बोलू लागल्या की ती घागर लवकर उचले. सटवाजीवरचा राग तर असा वाढला होता की तो शिंकला तरी ती फणकारे. दगड काय, बगदाद काय, मेली ती लढाई काय, सगळ्यांनी मिळून आपल्या चांगल्या घराचं डबकं केलं, असं ती पुटपुटत राही. पण बोळ्याला तिनं बोट लावलं नाही.

आणि रोपं हिरवी झाली. आधी शेंड्याची चार पानं, मग खालून फुटवे, मग झाडं डोणीबाहेर लवंडायला लागली तेव्हा सटवाजीनं काड्या रोवून त्यांना बांधलं. पिवळी फुलं आली. एका दुपारी पोतं बाजूला करताना मंजुळाबाईला पानाआड बोराएवढी एक हिरवी गोटी दिसली. ती तिथंच बसली आणि किती वेळ बसली हे तिलाही कळलं नाही. डोणीतला वास येत होता, चिलटं तोंडावर येत होती, आणि ती त्या फळाकडं बघत होती. पूर्णेच्या फलाटावरची बाई त्या दिवशी गाडीत बसली आणि निघून गेली. नवऱ्याला मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही. त्याला फक्त म्हणाली, लागलंय एक, बघा, न्हाई तर म्हणाल सांगितलं न्हाई.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, पाच-सहा बेलवांगी लाल झालेली होती. भोगीला मिसळीची भाजी असते, वाल, वांगं, गाजर, बोरं, जे शेतात असेल ते एकत्र. सटवाजीनं सकाळीच चावडीवर जाऊन सांगितलं की आज आमच्या भाजीत गोट्यांतली बेलवांगी पडणार, या बघायला. मंजुळाबाईला विचारलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं. विचारलं नाही. थोड्याच वेळात घरामागं माणूस मावेना. बायका भोगीची भाजी निवडायची सोडून आल्या होत्या. व्यंकटराव हातात काठी घेऊन आले, मागं जमनाबाई.

लाल फळं सगळ्यांनी बघितली. कुणी बोटानं चाचपली. सटवाजीच्या तोंडावर असं तेज आलं की मंजुळाबाईला हसू आवरावं लागलं. मग व्यंकटराव पुढं झाले. त्यांनी काठी गोट्यांत खुपसली, बुडापर्यंत नेली, गरगर फिरवली आणि वर काढली. काठीच्या टोकाला काळा-हिरवा लगदा चिकटून आला होता. तो त्यांनी सगळ्यांना दिसेल असा धरला.

"वर गोटे, खाली माती," ते म्हणाले. "चांगलं बगदाद हाय."

घरामागं हशा पिकला. सटवाजी काहीतरी सांगू लागला, की ती माती नव्हे, पण हशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्याचा चेहरा उतरत गेला तो मंजुळाबाई बघत होती. तिला त्याचा राग आला, कशाला बोलावलं गावाला म्हणून. व्यंकटरावांचा राग आला. आणि सगळ्यांत जास्त राग आला त्या लगद्याचा, कारण तो काय आहे हे तिथं फक्त तिला ठाऊक होतं आणि ते सांगितलं तर आपलं काय होईल हेही ठाऊक होतं. सांगितलं नाही तर मात्र हा माणूस जन्मभर पूर्णा जंक्शनावर उभा राहणार होता.

ती पुढं आली आणि काठीचं टोक तिनं हातात धरलं.

"ही माती न्हाई, मामा. शिळ्या पाण्याचा गाळ हाय. दिवाळीपासून ह्या डोणीतलं पाणी मी फेकलं न्हाई. तेच तसंच हाय, माझ्या घरात." मग ती जमनाबाईकडं वळली. "गोटे आणले तवा एकेक गोटा राखेनं घासून मी सोता यात टाकलाय. माझं घासणं तुमाला म्हाईत हाय, मामी. तुमीच वास घ्या."

आता कुणी हसत नव्हतं. जमनाबाईनं काठीला नाक लावलं आणि लगेच तोंड फिरवलं. बोटाच्या टोकानं तिनं लगदा चोळून बघितला. माती चोळली की कण लागतात. कण लागला नाही, नुसता बुळबुळीतपणा लागला.

"शेवाळ हाय," ती म्हणाली. "माती न्हाई."

हे तिनं सांगितलं म्हणजे झालं. पाण्याचं शेवाळ कसं असतं हे बाईइतकं कुणाला कळणार? व्यंकटरावांनी काठी भिंतीला पुसली. मंजुळाबाई त्यांना तशी सोडायला तयार नव्हती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, की मग पूर्णेच्या टेसनावर कोण व्हतं, मामा? व्यंकटराव म्हणाले, असंल बाबा कुनी सारखा दिसणारा, आमाला तरी आता कुटं नीट दिसतंय. आणि ते वाटेला लागले.

गडीमाणसं निघून गेली. बायका जायला वळल्या तशी मंजुळाबाई रीतीप्रमाणं घरात गेली आणि सकाळीच घासलेल्या रांजणातलं, सकाळीच भरलेलं पाणी तांब्यात घेऊन आली. तिनं तांब्या जमनाबाईपुढं धरला.

"नको गं," जमनाबाई म्हणाली. "आत्ताच पिऊन निघाले."

दुसरीनंही नको म्हटलं. तिसरीनं नुसती मान हलवली. एकेक करून सगळ्या निघाल्या आणि मंजुळाबाई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

सटवाजीनं हे सगळं पाहिलं होतं. त्यानं तिच्या हातातून तांब्या घेतला, उभ्यानंच घटाघटा सगळा पिऊन टाकला, आणि डोणीपाशी जाऊन वाकून बुडाचा बोळा ओढला. हिरवं पाणी भसाभसा मोरीत जाऊ लागलं. झाडांवर अजून कितीतरी हिरवी फळं होती.

"अवं, काय करून राहिले?" मंजुळाबाई म्हणाली.

"झालं आता. सगळ्यांनी बघितलं. आता डोण घासून ठेवू, तुझं पहिल्यासारखं हू दे."

ती डोळे पुसत तशीच धावली, त्याच्या हातातला बोळा हिसकावला आणि बुडाच्या भोकात गच्च दाबला.

"नाव तर गेलंच," ती म्हणाली. "आता फळं कशाला घालवता?"

मग तिनं लाल झालेली बेलवांगी तोडून ओच्यात घेतली आणि घरात जाऊन भोगीची भाजी चिरायला बसली. उद्यापासून शेतात जायचं, दिरानं एकट्यानं किती करायचं, हे ती त्याला आतूनच ओरडून सांगत होती.